लाखात एक सून आणि स्तुतीचा यज्ञ

पत्राचा सारांश: नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ४७. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन तीन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळपास गेलं. तेव्हापासून अंथरुणातलं सगळं या ताईच करतात. त्यासाठी बालवाडीतली नोकरी सोडली, मंडळीच्या (चर्चच्या) गायकवृंदात जाणं सुटलं. यजमान एसटीत, ड्यूटी पाळीची. दीर-जाऊ पुण्याला, नाताळ आणि ईस्टरला येतात. गेल्या नाताळात दिरांनी उपासनेत उभं राहून आईला सांभाळल्याबद्दल देवाचे आभार मानले आणि मंडळीनं मोठ्यानं 'हालेलुया' म्हटलं. ताई मागच्या बाकावर बसल्या होत्या. आता मंडळीच्या पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातल्या 'स्तुतीच्या यज्ञा'वर उपदेश केला आहे आणि कापणीच्या सणाला ताईंनी साक्ष द्यावी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगावं, असं सुचवलं आहे. ताई लिहितात, "गाताना ओठ हलतात, आत काही नसतं. एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना मनात आलं, देवा, आता ने यांना. असं मनात येणाऱ्या बाईनं स्तुती गायची, साक्ष द्यायची, हे ढोंग नाही का? लोक म्हणतात, तुमच्यासारखी सून लाखात एक. ऐकून चीड येते, आणि खरं सांगते, बरंही वाटतं. मग माझा त्याग खरा की खोटा?"

ताई, सलाम.

आधी त्या रात्रीबद्दल बोलू. पत्रात ती ओळ तुम्ही एकदा खोडून पुन्हा लिहिली आहे, म्हणजे सगळ्यात जड तीच. तीन वर्षं सलग झोप न मिळालेल्या माणसाच्या मनात रात्री अडीच वाजता काय येतं, यावरून त्याचा विश्वास मोजायचा नसतो. एलीया संदेष्टा आठवा. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आला आणि पुढच्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे (१ राजे १९). त्यावर देवदूत काय करतो? दटावत नाही, वचन ऐकवत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो, उठवून खायला लावतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला लावतो. देवाचं बोलणं होतं ते चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. एलीयानं स्वतःसाठी मरण मागितलं, तुम्ही सासूबाईंसाठी मागितलंत, पण थकवा एकाच जातीचा आहे. तुमच्या पत्रात उपदेश आला, साक्षीचा आग्रह आला, 'लाखात एक' आलं. भाकर घेऊन आलेलं मात्र कुणी दिसलं नाही.

हे विचार सारखे येत असतील, किंवा आपणच नसावं असं वाटू लागलं असेल, तर ते पाळकांच्या आधी डॉक्टरांना सांगायचं. घरातून निघता येत नसेल तर 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, फोन फुकट लागतो. त्यानं विश्वास कमी ठरत नाही.

आता पाळकसाहेबांच्या वचनाकडे वळू. इब्री १३:१५ आपल्या सगळ्यांच्या कानावर आहे: देवाचं नाव पत्करणाऱ्या ओठांचं फळ म्हणजे स्तुतीचा यज्ञ, तो नित्य अर्पण करावा. बरेचसे उपदेश या ओळीवर येऊन थांबतात, कारण पुढे गीताचा नंबर सांगायचा असतो. पण सोळावी ओळ लगेच म्हणते, चांगलं करायला आणि आपल्याजवळचं दुसऱ्याला द्यायला विसरू नका, असल्या यज्ञांनी देव संतुष्ट होतो. म्हणजे गाणं जिथं बसतं तिथंच तुमची चादरही बसते. ती बदलताना तुमच्या मनात भक्ती होती की चडफडाट, याची अट त्या ओळीत घातलेली नाही. सासूबाईंची पाठ कोरडी राहिली, एवढं झालं.

मला मात्र तुम्हाला आणखी मागे न्यायचं आहे, बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात. तो भाग आपण वर्षभरात पवित्र शास्त्र वाचून संपवायच्या नादात पटापट उलटतो. तिथं आभार मानण्यासाठी करायच्या अर्पणाची रीत आहे. अर्पण करणारा जनावर आणतो, त्यासोबत चार तऱ्हेच्या भाकरी: तेलात मळलेल्या बेखमीर (खमीर न घातलेल्या) पोळ्या, तेल लावलेल्या पातळ चपात्या, सपिठाच्या पोळ्या आणि वर खमीर घातलेली भाकर. चरबी वेदीवर जळते, ऊर आणि उजवी मांडी याजकाची, बाकीचं मांस अर्पण करणाऱ्याकडे परत येतं. आणि मग नियम असा की ते त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही उरवायचं नाही. नवसाचं किंवा स्वखुशीचं अर्पण दुसऱ्या दिवशीही चालतं. आभाराचं चालत नाही.

आता तुम्ही घर चालवलेलं आहे, तुम्हीच हिशेब करा. एक अख्खं जनावर आणि एवढ्या भाकरी एका घरानं एका रात्रीत संपवायच्या कशा? माणसं बोलवावीच लागणार. शेजारी, भाऊबंद, वाटेवरचा वाटसरू. 'लोकांना बोलवा' असं त्या नियमात लिहिलेलं नाही, पण हिशेबच असा मांडलाय की बोलावल्याशिवाय तो पाळता येऊ नये. आपण ज्याला स्तुतीचा यज्ञ म्हणतो तो मुळात असा पंगतीत बसून करायचा आहे. दार लावून, एकट्या बाईनं, स्वतःला रोज थोडं थोडं जाळत करायची ती गोष्ट नव्हती.

म्हणून तुम्ही विचारता की माझा त्याग खरा की खोटा, तिथं मी थोडी अडखळते. खरेपणाबद्दल मला शंका नाही. मला प्रश्न पडतो तो हा, की तो एकटीचा का?

चारपानी पत्रात तुमच्या यजमानांचा उल्लेख एका ओळीत आहे, तोही ड्यूटीपुरता. आई त्यांची आहे. दिरांवर तुम्ही दीड पान लिहिलं आहे. दीर पुण्याहून वर्षातून दोनदा येतात, त्यांच्यावर रागावणं सोपं. रोज घरी येणाऱ्या माणसावर रागावलं तर दुसऱ्या दिवशी त्यालाच डबा भरून द्यायचा असतो, म्हणून तो राग बहुधा पुण्याला पाठवला जातो. मी चुकत असेन, पण एकदा तपासून बघा. पाळी दुपारची असेल त्या दिवशी सकाळचं अंग पुसणं आणि कूस बदलणं त्यांनी करायला काय हरकत आहे? 'बायकांचं काम, आईला लाज वाटेल' हे उत्तर येईल. ज्या आईनं त्यांना न्हाऊमाखू घातलं तिला मुलाच्या हाताची सवय आठवडाभरात होते. आणि नाहीच झाली, तरी भरवणं, औषधं, चादरी धुणं यात लाजेचा प्रश्न येत नाही.

दिरांची साक्ष तुम्हाला का बोचली, हे मला वाटतं दावीद राजा सांगून गेला आहे. त्याला देवासाठी वेदी बांधायची होती, आणि अरवना नावाचा माणूस आपलं खळं, बैल, लाकूड सगळं फुकट द्यायला तयार होता. दावीद म्हणाला, ज्याला मला काही मोल पडलं नाही ते मी माझ्या देवाला अर्पण करणार नाही, आणि पन्नास शेकेल चांदी मोजून दिली (२ शमुवेल २४). त्या नाताळात आभार दिरांनी मानले, मोल तुमचं होतं. बोचलं तर त्यात मत्सर नाही.

तरी दिरांच्या बाजूनंही एकदा पाहू. ते येतात तेव्हा त्यांना काय दिसतं? नाताळच्या दिवशी तुम्ही पाचला उठून सासूबाईंना स्पंज करता, नवा गाउन घालता, पावडर लावता, रबरी कापड धुऊन खोलीत फिनाइल मारता. दहाला पाहुणे येतात तेव्हा आई स्वच्छ पलंगावर, केस विंचरलेली, खोलीला कसलाही वास नाही. हे काम जितकं नीट होतं तितकं ते दिसेनासं होतं. तुमचे दीर ज्याबद्दल देवाचे आभार मानत होते ते त्यांना आपोआप घडल्यासारखं वाटत असेल. 'त्यांना कळायला नको का,' असं तुम्ही लिहिता. हवं. पण तीन वर्षांत तुम्ही त्यांच्याकडे काही मागितलं का, हे पत्रात कुठंच नाही.

मागायचं तर कसं, ते सांगते. 'मदत करा' असं म्हणू नका, त्यावर सगळे 'हो हो, कळवा' म्हणतात आणि विषय मिटतो. तारीख आणि काम मागा. "भाऊजी, दर महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार तुमचा. शनिवारी संध्याकाळी या, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जा. त्या दोन रात्री मी आईंच्या खोलीत झोपणार नाही." आणि आल्यावर त्यांना दाखवा. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड रोज उजेडात बघायचं, लाल दिसलं तर तिथं भार येऊ द्यायचा नाही, डोकं उंच करूनच पाणी पाजायचं, नाहीतर ठसका लागतो. एक रात्र त्यांनी हे केलं की पुढची साक्ष वेगळी होईल. येणं खरंच जमत नसेल तर रात्रपाळीच्या बाईचा पगार त्यांनी द्यायचा, आणि हवेची गादी अजून घेतली नसेल तर तीही. नणंद असेल तर तिच्याशीही हेच बोलायचं. ख्रिस्ती घरांना लागू असलेल्या १९२५च्या वारसा कायद्यात आईच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी असा भेद नाही, मग रात्रींच्या वाटणीत तरी का असावा?

कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून, याच अडचणीतल्या इतर वाचकांसाठीही सांगते. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७चा कायदा ज्यांच्यावर जबाबदारी टाकतो त्यांत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सुनेचं नाव त्यात नाही. गंमत म्हणजे प्रेषित पौल आपल्या सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो तिथंही (१ तीमथ्य ५:४) विधवेची मुलं किंवा नातवंडं असतील तर त्यांनी आधी घरच्यांशी धर्मानं वागायला शिकावं, असंच आहे. सगळा भार सुनेवर टाकायचा हे आपण कुठून आणलं, ते ज्यानं त्यानं शोधावं. तुम्ही कोर्टकचेऱ्या करा असं मी म्हणत नाही. निदान दिरांशी बोलताना आवाज भिकेचा ठेवू नका. करिंथकरांना वर्गणीबद्दल लिहितानाही पौल स्पष्ट सांगतो, दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओझं असं मला नको आहे (२ करिंथ ८:१३).

इथं एक अडथळा येईल, तो आधीच सांगून ठेवते. कुणीतरी म्हणेल, "देवाच्या कामात हिशेब कसला करता?" येशूच्या काळातही काही लोक आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून हात झटकत होते. त्यांना येशूनं काय सुनावलं ते मार्क ७ मध्ये वाचा. देवाचं नाव घेऊन घरच्या जबाबदारीतून सुटता येत नाही. हे साक्ष देणाऱ्याला लागू आहे, वर्गणीच्या पाकिटावर मोठा आकडा लिहिणाऱ्याला लागू आहे, आणि पाळकांनाही.

आता मन नसताना गाण्याबद्दल. मला त्यात ढोंग दिसत नाही. दुसऱ्यांना दाखवायला चेहरा बदलला तर ढोंग. तुम्ही तर मागच्या बाकावर बसून ओठ हलवता. पण गाणं म्हणजे फक्त आनंदाचं, हा समज आपल्या उपासनांनी करून दिला आहे, टाळ्यांच्या गीतांनी तर जास्तच. ८८वं स्तोत्र काढून वाचा. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाऱ्हाणं आहे, शेवटच्या ओळीलाही उजेड नाही. आणि त्याच्या माथ्यावर लिहिलंय की हे मुख्य गवयासाठी आहे, कोरहपुत्रांचं, म्हणजे मंदिरात गाणाऱ्या घराण्याचं. म्हणजे कुणी खोलीत बसून रडून लिहून ठेवलेलं नाही, गायकवृंदाला गायला दिलेलं आहे. ज्या रविवारी आभाराचं गीत ओठांवर येत नाही त्या रविवारी ते गाऊ नका. बसून राहा, शेजारणीला गाऊ द्या. घरी आल्यावर ८८वं मोठ्यानं वाचा. तीही उपासनाच आहे.

पौल आणि सीला फटके खाऊन, पाय खोड्यात असताना मध्यरात्री गात होते, हा दाखला तुम्हाला हमखास ऐकवला जाईल. ऐकवणाऱ्यांना दोन गोष्टींची आठवण द्या. ते दोघं होते. आणि त्याच रात्री तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं त्यांच्या जखमा धुतल्या, घरी नेऊन जेवू घातलं.

'लाखात एक' ऐकून बरं वाटतं, यात लपवण्यासारखं काही नाही. तीन वर्षांत दुसरं काय मिळालं तुम्हाला? आणि चीड येते तीही बरोबर, कारण हे कौतुक म्हणणाऱ्याला स्वस्तात पडतं. तुम्हाला एकदा वेगळ्या जातीची ठरवलं की बाकीच्यांना घरी जाता येतं. आम्हाला काही एवढं जमणार नाही बाई, असं म्हणत. नीतिसूत्रात (२७:१४) एक फार मजेदार ओळ आहे: भल्या पहाटे उठून जो शेजाऱ्याला मोठ्यानं आशीर्वाद देतो, त्याचा आशीर्वाद शापच समजला जातो. पुढच्या वेळी कुणी 'लाखात एक' म्हटलं की हसून म्हणा, "असं नका म्हणू, तुम्हीही करू शकाल. बुधवारी दुपारी तीन ते पाच याल का? मला बँकेत जायचंय." काही जणी येतील. ज्या येणार नाहीत त्यांचं कौतुक तरी थांबेल.

महिला मंडळालाही हेच सांगा. प्रार्थना चालू ठेवा म्हणावं, आणि रविवारी उपासनेच्या दोन तासांसाठी पाळीनं एकीनं माझ्या घरी बसावं. म्हणजे तुम्ही गायकवृंदात परत जाऊ शकाल, निदान सरावाला तरी.

एक माणूस मात्र या सगळ्यात मला पत्रात सापडलं नाही. सासूबाई. त्यांची चादर आहे, औषधं आहेत, त्या नाहीत. ज्यांच्यावरून एवढा त्याग आणि एवढी स्तुती चालली आहे त्या स्वतः मंडळीच्या सभासद आहेत, त्यांचीही काही उपासना असेल. पाळकसाहेबांना प्रभुभोजन घरी आणायला सांगा, पलंगाशी. येताना पेटीवाला आणि दोन गाणारे आणा म्हणावं. उजवी बाजू आणि वाचा गेलेल्या काही रुग्णांना साधं 'पाणी' म्हणता येत नाही, पण लहानपणापासून पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणता येतं, हे वाचाउपचार करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. सगळ्यांनाच जमतं असं नाही. त्यांना जमलं नाही तरी चालेल, डाव्या हातानं ताल धरतील. त्यांच्या तरुणपणची भजनं कोणती, हे यजमानांना माहीत असेल. त्यांना विचारायला हे एक चांगलं निमित्त आहे.

राहिली साक्ष. पाळकसाहेबांना सांगा, या वर्षी नाही. कारण विचारलं तर तेही सांगा: आत्ता उभी राहिले तर एकतर खोटं बोलेन, नाहीतर दिरांचा हिशेब सगळ्यांसमोर काढेन. भावाचं चुकलं तर आधी त्याच्याशी एकांतात बोलावं असं मत्तय १८ सांगतो, आणि मला वाटतं त्यात शहाणपण आहे. मंडळीत उघडं पाडलेला माणूस पुढच्या नाताळला येतच नाही, मग त्या दोन रात्रीही गेल्या. त्यांच्याशी बोलणं झाल्यावर, काही बदललं किंवा नाही बदललं तरी, कधी बोलावंसं वाटलं तर चादरीसकट बोला. पाळकसाहेब समजूतदार असतील तर ते साक्षीऐवजी दुसरं काही करतील. कापणीच्या सणाला लोकांनी वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात चाळीसचा नारळ चारशेला जातो, गावठी कोंबडीवर दोन वडीलजन ईर्ष्येनं बोली लावतात, ते तुम्ही पाहता. त्याच टेबलावर एक वही ठेवायला सांगा, ज्यात लोक धान्याऐवजी तास लिहून देतील: कुणाच्या घरी, कोणत्या वारी, किती वाजता. तुमच्याच गावात अंथरुणाला खिळलेली आणखी घरं असतील.

आणि भाऊजींना फोन नोव्हेंबर संपायच्या आत करा. डिसेंबर उजाडला की त्यांच्या रजा ठरून गेलेल्या असतात.